रुमालामागे पोलीस नसतो

शिरूरच्या कोर्टात त्यांचं नाव कुणी घेत नसे. बार रूमच्या दारात डोकावून जो तो विचारायचा, "आंतरराष्ट्रीय आले का?" पट्टेवाला तर त्याहून बिनधास्त. पुकारा करून घसा बसला की आत येऊन म्हणायचा, "आंतरराष्ट्रीय सायेब, चला, तुमच्या म्हशीची तारीख हाय."

बांध, वाटणी, म्हैस आणि फार तर दोन भावकींतली मारामारी, एवढंच त्या कोर्टात चालायचं. तिथे बसून हा माणूस आंतरराष्ट्रीय कायद्यावर पीएच.डी. करत होता, तेव्हा नाव पडणारच. मी त्यांना दादा म्हणायचो. वयानं मी बराच लहान, नुकतीच सनद घेतलेली, आणि आम्ही दोघंही दौंडहून रोज एस.टी.नं शिरूरला जायचो. त्यांचं गाव खरं तर भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात. पण वहिनी दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून बिऱ्हाड रेल्वे कॉलनीत.

त्यांचा विषय मला त्यांनी पहिल्याच प्रवासात सांगितला. "जगाला फौजदार नाही," ते म्हणाले. "तरी एक देश दुसऱ्याच्या वकिलातीत घुसत नाही. तह पाळतो. परक्याचं जहाज आपल्या समुद्रातून जाऊ देतो. कधी मोडतोही, पण पाळतो त्याहून जास्त. का? आणि ज्या दिवशी मोडतो, त्या दिवशी त्याला ते का लपवावंसं वाटतं?" मी म्हणालो, "भीती असेल." ते म्हणाले, "घाबरवणारा कोण?" त्यांना त्या कोड्याची मजा वाटत होती आणि मला झोप येत होती.

दौंड स्टँडवर गाडी लागली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दारात रेटारेटी सुरू व्हायच्या आत खिडकीतून रुमाल जातो. टोपी जाते, पिशवी जाते, एकदा मी चप्पल गेलेली पाहिली आहे. मग रुमालवाला सावकाश चढतो, आणि त्याच्या जागेवर कुणी बसलेलं नसतं. आपण हे जन्मभर बघतो आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटत नाही. दादांना वाटलं.

"वकीलसाहेब," ते म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते वकीलसाहेब म्हणत. "एस.टी.च्या कुठल्या नियमात रुमाल आहे? कंडक्टरला विचारा, तो म्हणेल माझा संबंध नाही. रुमालामागे पोलीस नसतो. तरी खच्चून भरलेल्या गाडीत तो एक अख्खी जागा रिकामी ठेवतो. राष्ट्रांबद्दल मला जे कळत नाही, ते या रुमालात आहे."

झालं. तेव्हापासून त्यांच्या काळ्या कोटाचे सगळे खिसे रुमालांनी फुगलेले असायचे. जुना टाकून बघायचे, नवा टाकून बघायचे, टाकून आपण मागे उभे राहायचे आणि लोकांचे चेहरे न्याहाळायचे. दोन जागांवर दोन रुमाल टाकले तर लोक एक उचलून फेकतात, हे त्यांनी मला फार मोठा शोध लागल्यासारखं सांगितलं. "हाव दिसली की मान्यता गेली!" बड्या राष्ट्रांचंही हेच होतं, म्हणाले. वहिनी कपडे वाळत घालताना म्हणायच्या, "लोकांच्या दोरीवर धोतरं आणि लुगडी वाळतात. आमच्या दोरीवर आंतरराष्ट्रीय कायदा वाळतो."

एकदा गाडीत एक फौजदार चढला. अंगावर वर्दी, हातात छडी, गाडी गच्च. एकच जागा रिकामी आणि तिच्यावर दादांचा निळ्या चौकटींचा रुमाल. फौजदारानं विचारलं, "कोणाचाय?" दादा मागे दांडीला धरून उभे होते. मी तोंड उघडणार तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. फौजदारानं रुमालाकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि उभा राहिला. चौफुल्यापर्यंत तो माणूस उभ्यानं आला. दादांच्या अंगातून नुसता आनंद सांडत होता. "बघा," ते माझ्या कानात म्हणाले, "पोलीस उभा आणि रुमाल बसलेला!" पुढे त्यांना त्याची दया आली, त्यांनी जाऊन रुमाल उचलला आणि "बसा साहेब" म्हणाले. त्यावर त्यांनी ज्या शिव्या खाल्ल्या त्या ऐकून कंडक्टरनंही घंटी मारायची थांबवली.

अशा माणसाची वकिली चालणार कशी? पक्षकार आला की हे आधी विचारायचे, "हरलात तर ऐकाल का?" पक्षकार म्हणायचा, "हरायचं कशाला, त्यासाठी तर तुमाला धरलंय." हे म्हणायचे, "ते झालं. पण हरलात तर?" "मंग बघून घेईन एकेकाला!" एवढं ऐकलं की दादांनी कागद परत केलेच. अशी बरीच मंडळी त्यांच्या टेबलावरून उठून माझ्या टेबलावर आली, आणि माझा जम बसला तो असा.

हा प्रश्न त्यांना पुस्तकातून मिळाला नव्हता. गाडी भीमेच्या पुलावर आली की ते बोलायचे थांबत आणि खाली पात्राकडे बघत. एकदा पुलाच्या तोंडाशीच टायर बसला, आम्ही खाली उतरलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. ते लहान असताना गावची विहीर सगळ्यांना खुली असल्याचा कायदा झाला होता. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीनं अर्ज केला. फौजदार आला, शिपाई उभे केले, दादांच्या वडिलांच्या हातानं एक घागर भरून घेतली, पंचनामा केला आणि पाटलाकडं जेवून गेला. दुसऱ्या दिवशी विहीर होती तशी बंद. वस्तीतल्या बायका पुन्हा नदीच्या वाळूत झिरे उकरायला लागल्या. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची, वाटीवाटीनं हंडा भरायचा. "कायदा होता, पोलीस होता, पंचनामा होता," दादा म्हणाले, "आणि पाणी मिळालं एक घागर. आन् हितं एक फडकं सगळ्या गाडीला ऐकायला लावतंय." भावना दाटली की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पण त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात भीमा पुन्हा आटली. पात्रात एकच डोह उरला. अलीकडचा काठ दौंड तालुक्यात, पलीकडचा शिरूर तालुक्यात, आणि दोन्ही काठांच्या बागायतदारांनी त्या एका डोहात इंजिनं टाकलेली. डोकी फुटली. कुणाचं तरी इंजिन रात्रीत पाण्यात गेलं. कोर्टात जावं तर निकालाच्या आधी डोह संपला असता. अलीकडच्या काठावर माझे सख्खे मामा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पुढारी होते. ते मला म्हणाले, "काईतरी तोड काढा की वकील." मी दादांचं नाव सांगितलं. आप्पांचा चेहरा पडला. "त्या वस्तीतला माणूस आमचं पाणी वाटणार व्हय?" मी म्हणालो, "तो पलीकडच्या गावचा, राहतो अलीकडं, आणि शेत दोन्हीकडं न्हाई. असा दुसरा दाखवा." दादांच्या गावातल्या बागायतदारांनीही असंच नाक मुरडलं आणि असंच मान्य केलं. दोन्ही काठांना ते सारखेच नकोसे होते, म्हणून दोन्हींना चालले.

त्यांनी अटी घातल्या. देवळाच्या पारावर बसायचं नाही, नदीच्या वाळूत बसायचं, जिथं कुणीच यजमान नाही. प्रत्येक वस्तीचे लोक बसतील, दादांच्या वस्तीचेही. आणि कुणीही स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. अलीकडच्यानं पलीकडच्याचं सांगायचं, पलीकडच्यानं अलीकडच्याचं, आणि समोरचा "हां, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत सांगत राहायचं.

आप्पांची त्या दिवशी जी दैना झाली ती मी जन्मात विसरणार नाही. उन्हात उभं राहून ते पलीकडच्यांची बाजू मांडायला लागले, "ह्यांचं म्हणणं असं हाय, की हे चोर—" सगळी वाळू हसली. "पुन्हा, आप्पा," दादा शांतपणे म्हणाले. पुन्हा. पुन्हा. दुपार कलली तेव्हा आप्पांच्या तोंडून निघालं, "ह्यांचा ऊस लागणीचा हाय, ह्या महिन्यात पाणी चुकलं तर दोन वर्सं गेली. माझा खोडवा हाय, तोडलेल्या उसाचा फुटवा, माझं थोडं कमी झालं तरी चालंल." आणि आपण काय बोललो हे कळून ते मटकन खाली बसले. पलीकडचा पुढारी उठून म्हणाला, "हां. हेच." दादांनी पाण्याचे वार वाटून दिले. पलीकडच्यांना जास्त, आप्पांकडच्यांना कमी. कुठंही कागद केला नाही, आणि निकाल पाळला गेला.

दादा हवेत तरंगत होते. त्यांनी ते सगळं प्रबंधात शेवटचं प्रकरण म्हणून लिहिलं. पुण्याचे त्यांचे गाइड रुमालाच्या प्रकरणावर कायम नाराज असायचे, पण नदीवर खूश झाले. दोन तालुके म्हणजे दोन सार्वभौम सत्ता, मधली नदी, आणि विनाबळाचा निवाडा! लगेच दाखल करा, म्हणाले. पुण्यात कायद्याच्या अध्यापकाची कायम जागा निघत होती आणि प्रबंध दाखल झालेला असेल तर ती दादांचीच होती. आयुष्यभर ज्यासाठी खपले ते एवढ्या अंतरावर आलं होतं. वहिनींनी पुण्याच्या बदलीचा अर्जही करून ठेवला.

आणि एका सकाळी दोन्ही काठांची इंजिनं बंद पडली. पडली म्हणजे पाडली. इंजिनापासून पंपाकडे जाणारा रबरी पट्टा असतो, ते दोन्हीकडचे सगळे पट्टे कुणीतरी काढून नेले होते. कुणीतरी कशाला, उघड उघड नेले होते. दादांच्याच वस्तीतल्या हौसाबाईंनी. वय झालेल्या, काटकुळ्या, तोंडानं फटकळ. सगळे पट्टे त्यांनी आपल्या घरात खुंटीला अडकवले होते, आणि दारात दोन्ही काठांच्या, सगळ्या वस्त्यांच्या बायका बसल्या होत्या. आप्पा लालबुंद होऊन शिरूरला आले, "चोरीची केस करा!" दादा तसेच उठले. मी सोबत गेलो.

हौसाबाई दादांना एकेरीतच बोलायच्या. लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या निकालानं समद्यास्नी पानी दिलं. माझा झिरा कुठंय?"

दादांनी खुंटीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"आधी ह्यांची भांडणं व्हती, तवा इंजिनं बंद पडायची, आन् रातीत झिऱ्याला पानी यायचं. तू भांडण मिटवलंस. आता रोज कुणाचं ना कुणाचं इंजिन चालूच. वाळू कोरडी ठाक. औंदा गावच्या हिरी आटल्या, समद्याच बाया झिऱ्यावर येत्यात. वाळूत बसून ह्याला इचारलं, त्याला इचारलं. मला कवा इचारलं?"

मी दादांकडे बघितलं. ज्या झिऱ्यांवर त्यांची आई, आजी, सगळी वस्ती जगली होती, ते झिरेच हा माणूस विसरला होता. दौंडच्या क्वार्टरला नळ होता. वस्तीतले पुरुष आग्रहानं वाळूत बसवले, पण हंडा डोक्यावर घेणारी एकही बाई बसवली नाही. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग हळूहळू त्यावर हसू यायला लागलं, आणि मला वाटलं यांचं डोकं फिरलं.

"मावशी," ते म्हणाले, "नवी स्वतंत्र झालेली राष्ट्रं हेच म्हणताहेत. तुमचा कायदा ठरला तेव्हा आम्ही बसलेलो नव्हतो, मग तो आम्ही का पाळावा? मी ते पुस्तकात शंभरदा वाचलं, आन् हितं मला दिसलं न्हाई."

"मला राष्ट्रं नगं सांगू. झिऱ्याचं बोल."

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही गावांना वाळूत पुन्हा बोलावलं आणि भर सभेत सांगितलं की माझा निकाल रद्द. ज्यांचं पाणी आहे त्या सगळ्यांना मी विचारलं नव्हतं, म्हणून तो पाळायला कुणीही बांधलेलं नाही. या वेळी बायका पुढे बसल्या आणि आप्पांना हौसाबाईंचं गाऱ्हाणं सांगावं लागलं. ठरलं असं की सकाळी बायकांचं पाणी भरून होईपर्यंत कुणाचंच इंजिन चालायचं नाही. पट्टे हौसाबाईंच्या घरी राहतील. पाणी भरून झालं की ज्याची पाळी असेल त्यानं येऊन आपला पट्टा न्यायचा आणि दिवस मावळला की आणून द्यायचा.

पहिल्या दिवशी आप्पांनी गडी पाठवला. हौसाबाईंनी त्याला परत पाठवलं, "मालकाला यू दे." आप्पा गेले. आपल्या पायांनी नदी ओलांडून त्या वस्तीत, हौसाबाईंच्या दारात. चहा पुढे आला तो घेतला नाही. पुढच्या पाळीला उभ्यानं घेतला. महिन्याभरात मी जाऊन बघतो तो ओट्यावर बसून बशीनं फुर्र करताहेत आणि हौसाबाई त्यांना उसाची अक्कल शिकवताहेत. ज्या गावात एका घागरीसाठी फौजदार आणावा लागला होता, त्या गावातले आणि समोरच्या काठाचे बागायतदार रोज सकाळी त्या वस्तीत जाऊन एका म्हातारीच्या हातून आपलं पाणी सुरू करून घेत होते, आणि आसपास कुठे पोलिसाचं नाव नव्हतं. मी पुष्कळ खटले जिंकले. या एका गोष्टीच्या जवळ मी होतो याचा जेवढा अभिमान मला वाटतो, तेवढा त्यातल्या एकाचाही वाटत नाही.

गाइडना मात्र यातलं काही आवडलं नाही. प्रबंध तयार होता, जागा समोर होती. ते म्हणाले, यशस्वी प्रयोग आहे तसा राहू द्या, त्या बाईंचं हवं तर तळटिपेत टाका. दादा म्हणाले, "सर, त्या तळटिपेत मावणाऱ्या नाहीत." त्यांनी प्रबंध परत घेतला आणि रुमालाचं आणि नदीचं, अशी शेवटची दोन्ही प्रकरणं नव्यानं लिहायला बसले. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. मी वहिनींना भेटायला गेलो तेव्हा मला वाटलं त्या रडत असतील. त्या दोरीवर रुमाल वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "बदलीचा अर्ज मागे घेतला. चुकीचं लिहून पुण्याला गेले असते तर मला तिथं त्यांच्या तोंडाकडं बघवलं नसतं."

पुढे आणीबाणी आली आणि गेली. ती उठल्यावर तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. दिल्लीहून येणाऱ्या परीक्षकांचा अहवाल आधीच आला होता. प्रबंध विद्वत्तेचा आहे, पण रुमालाचं प्रकरण पोरकट आहे आणि नदीचं आंतरराष्ट्रीय कायद्याला गैरलागू. ती गाळल्याशिवाय शिफारस करावी की नाही ते समक्ष ठरवू. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर होतं. मी दादांना म्हणालो, गाळून टाका, पदवी घ्या, मग हवं ते छापा. ते नुसते हसले.

परीक्षा खुली होती. दादांनी हौसाबाईंना बोलावलं होतं. त्या आणि आप्पा केडगावहून गाडीत बसणार होते. आम्ही आधीच्या गाडीनं पुण्याला जाऊन थांबलो. वेळ झाली, गाडी कुठे अडकली कळेना. खोली लहान, माणसं फार, उकाडा मरणाचा, आणि पंखा एकच, पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीच्या बरोबर वर. दादांनी खिशातून निळ्या चौकटींचा रुमाल काढला आणि त्या खुर्चीवर टाकला. मग ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

दिल्लीचे परीक्षक आले. उंच, सुटाबुटात, घामानं डबडबलेले. टेबलामागची मानाची खुर्ची त्यांना दाखवली. त्यांनी वर पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले, मी इथेच पुढे बसतो. सरळ त्या खुर्चीपाशी आले. पाठीवर हात ठेवला. आणि थांबले. त्यांनी रुमालाकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि हात काढून शेजारच्या खुर्चीवर, पंख्याबाहेर, जाऊन बसले.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी त्यांच्या मागेच होतो. त्यांनी मान वळवून त्या रुमालाकडं पुन्हा बघितलं, मग दादांकडं. दादा जमिनीकडं बघत होते. परीक्षकांनी मांडीवरचा अहवाल उघडला, आक्षेपांच्या पानावर रेघ मारली आणि मिटला.

तेवढ्यात दारात आप्पांची टोपी दिसली, पाठोपाठ हौसाबाई. धापा टाकत त्या पुढे आल्या, रुमाल ओळखला, उचलला, त्यानं कपाळाचा आणि मानेचा घाम पुसला आणि पंख्याखाली ऐसपैस बसल्या. शेजारच्या सुटाबुटाकडं बघून म्हणाल्या, "लई उशीर झाला का व्हो?"

परीक्षकांना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी हात जोडले, आणि दादांना म्हणाले, आता सगळे आले असतील तर सुरुवात करा.

दोन्ही प्रकरणं जशीच्या तशी राहिली. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही डॉक्टर झालेल्या माणसाला घेऊन निघालो, तेव्हा दादांनी चारचारदा खिसे चाचपले, पण रुमाल त्यांनी मागितला नाही आणि हौसाबाईंनीही दिला नाही.